सात दिवसांत परत

तिन्ही खोकी एकाच दुपारी आली. कुरिअरवाल्या पंगताईने गल्लीतूनच फोन केला. "मावशी, तीन आहेत, चपटी चपटी. वजन काही नाही. पण माझ्या गुडघ्यांची दया करा, सहा मजले चढायला लावू नका."

सुईफनने नवऱ्याच्या पाठीमागे दोन्ही उशा नीट खोचल्या, खाटेचा कठडा वर केला, "आलेच हं" म्हणाली आणि जिना उतरली. लाओ थानने दारापर्यंत तिच्यामागे फक्त डोळे नेले. त्याला तेवढंच जमत होतं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली त्याला आता आठ महिने होत आले होते. उजवी बाजू गेली, जीभ लुळी पडली, डावा हात कोपरापासून पुढे कसाबसा हलायचा. डोकं मात्र शाबूत होतं. डॉक्टरांनी ते मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. "यांना सगळं कळतं. फक्त सांगता येत नाही."

खोक्यांत टॅब होते. यीलिंगने, त्यांच्या मुलीने, सूचौहून मागवलेले. बापाला पुन्हा बोलतं करायचं हे तिच्या मनाने घेतलं होतं. पडद्यावर बोटाने चिनी अक्षर काढायचं, एकेका अक्षराचा एक शब्द, की टॅब ते वाचून मोठ्याने म्हणणार. फोनवर करून झालं होतं, पण बापाचं थरथरतं बोट त्या एवढ्याशा चौकटीत मावत नव्हतं. मोठा पडदा हवा होता. महागड्या टॅबची गरज नाही, रोजच्या वापराला स्वस्तातलेच पुष्कळ झाले, पण त्यातला कुठला घ्यावा हे मात्र तिला कळेना. एकाच्या खाली हजार लोकांनी स्तुती लिहिलेली, दुसऱ्याच्या खाली त्याच हजारांनी शिव्या दिलेल्या वाटाव्यात. शेवटी तिने तिन्ही मागवले.

"आई, तिन्ही वापरून बघ," ती फोनवर म्हणाली. "सात दिवसांत परत घेतात, कारण विचारत नाहीत. चांगला असेल तो ठेव, उरलेले दोन पंगताईकडे दे. तू कारखान्यात माल तपासायचीस ना? तसंच समज."

माल तपासायची हे खरं होतं. शेन्झेनच्या या टोकाला तेव्हा शेतं होती आणि शेतांमध्ये कारखाने. हुनानमधल्या खेड्यातून आलेली सुईफन बोलक्या बाहुल्यांच्या लाइनवर शेवटच्या खुर्चीत बसायची. बाहुलीचं पोट दाबायचं, आवाज आला की डावीकडे टाकायची, नाही आला की उजवीकडे. थान त्या लाइनचा मुकादम. यंत्रांच्या खडखडाटावरून त्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. "सुईफन!" म्हटलं की ती खुर्चीतून उठून उभी राहायची. पुढे लग्न झालं, कारखाना शेतांसकट नाहीसा झाला, त्या जागी एकमेकींना चिकटून इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत, सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, तोच आवाज तिच्याबरोबर राहायला आला.

त्याने कधी हात उगारला नाही. दारू पिऊन तमाशा केला नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सुईफन, तुझं बाई बरं आहे. त्याचा सगळा कारभार आवाजावर चालायचा. मीठ कमी, दार लाव, कुठे होतीस, हे कशाला आणलंस. तिचं वाक्य अर्ध्यावर असायचं तेव्हाच त्याचं उत्तर येऊन आदळायचं. होता होता ती अर्धीच वाक्यं जुळवायला शिकली.

आणि मग एका सकाळी तो आवाज थांबला.

पहिला महिना ती भीतीनेच जगली. त्याला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, पाण्यात ती पावडर घालून दाट करणं, कारण पातळ पाण्याने त्याला ठसका लागायचा आणि ठसका जिवावर बेतू शकतो असं दवाखान्यात बजावलं होतं. दुसऱ्या महिन्यात कधीतरी, मिरच्या परतताना, तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. तिने चपापून मागे पाहिलं. तो बघत होता. ती गप्प झाली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गुणगुणली. मग तिने खिडकीचा जुना तपकिरी पडदा काढून हिरवा लावला. मग त्याच्या खुर्चीत बसून, पाय वर घेऊन, आपल्याला हवी तितकी तिखट शेवई खाल्ली.

बाहेर मात्र पडता येत नव्हतं. त्याला काही झालं तर तो हाक कशी मारणार? दुपारी त्याचा डोळा लागला की ती पळत बाजारात जायची आणि पळत यायची. सहाव्या मजल्यावरचा पिंजराच होता तो. पण शांत पिंजरा. त्या शांततेची तिला लाज वाटायची, आणि ती जाऊ नये असंही वाटायचं.

*

पहिल्या दिवशी तिने राखाडी टॅब लावला. हलका होता, दिसायला नाजूक. खाटेच्या कठड्याला पकड बसवली, त्यात तो अडकवला आणि लाओ थानचं डावं मनगट उशीवर टेकवून दिलं. यीलिंग फोनच्या पडद्यावरून बघत होती.

"बाबा, काहीही लिहा. सोपं लिहा."

त्याने बोट टेकवलं. बोट कापत होतं. चार रेघांचं अक्षर काढायला त्याला इतका वेळ लागला की तोंडातून लाळ ओघळली आणि सुईफनने ती पुसली. टॅबने जरा विचार केला आणि गुळगुळीत, बातम्या देणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "बर्फ."

"बर्फ?" यीलिंग म्हणाली. "बाबा, बर्फ हवाय?"

लाओ थानने डोळे मिटून घेतले. डोळे मिटणं म्हणजे नाही.

"पाणी लिहिलंय ते," सुईफन म्हणाली. "बोट थरथरलं, बाजूला दोन ठिपके पडले. पाण्याचा बर्फ झाला."

दुसऱ्यांदाही बर्फच झाला. तिसऱ्यांदा बोट कडेला लागलं आणि अक्षरांच्या जागी डुकरांच्या खाद्याची जाहिरात उघडली. एक बाई ओरडून सांगू लागली की महिन्यात डुक्कर दुप्पट होईल. यीलिंगला हसू आलं. लाओ थानच्या कपाळावरची शीर मात्र ताठ फुगली.

दुसरा टॅब पांढरा. पडदा मोठा, चित्र झकास. जुने नाटकाचे खेळ लावले तर नटांच्या भुवया मोजता आल्या असत्या. पण अक्षर काढलं की तो थिजायचा आणि बोलायचा तेव्हा आवाज असा, की कान लावावा लागे. शिवाय मागून इतका तापायचा की सुईफनने पकडीवर फडकं गुंडाळलं.

तिसरा निळा. दिसायला ठोकळा, कडा जाड, वजनाला तिघांत भारी. तिने तो लावला, लाओ थानचं मनगट टेकवलं आणि पायाकडची चादर नीट करायला वळली. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"सुईफन," मागून आवाज आला. खणखणीत.

ती ताठ उभी राहिली. हातातली चादर खाली पडली. आवाज त्याचा नव्हता. त्यात हुनानचा हेल नव्हता, खरखर नव्हती, तो बातम्यावालाच होता. पण तिच्या पायांना ते कुठे कळत होतं? कारखान्यात हाक आली की व्हायचे तसेच ते ताठ झाले होते.

फोनवर यीलिंग रडायला लागली. "बाबा बोलले! आई, पाहिलंस? आठ महिन्यांत पहिला शब्द आणि तुझं नाव!"

सुईफनच्याही डोळ्यांत पाणी आलं. मुलीला वाटलं, आनंदाने. लाओ थानचा चेहरा अर्ध्या बाजूने हसत होता. बोट पुन्हा चालू लागलं. या टॅबला त्याची थरथर चालत होती. वेडीवाकडी रेघही तो समजून घ्यायचा.

"भात गिचका," टॅब म्हणाला. "रोज."

आणि थोड्या वेळाने, "पडदा का बदलला."

आणि मग, "माझी खुर्ची."

त्याने सगळं पाहिलं होतं. आठ महिने पडून एकेक गोष्ट साठवून ठेवली होती. आता ती एकेक करून बाहेर येत होती. संध्याकाळपर्यंत सुईफन स्वयंपाकघर आणि खाट यांच्यामध्ये किती वेळा गेली-आली याला गणती नव्हती. उशी वर. उशी खाली. पंखा कमी. कोणाचा फोन. पातळ पाणी. पातळ पाणी ती देत नव्हती, म्हणून तो पुन्हा पुन्हा तेच म्हणवत होता. म्हटलेलं वाक्य परत म्हणायला एकच कळ दाबायची असते, हे त्याने कोणी न शिकवताच शोधून काढलं होतं.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी, तो झोपलेला असताना, सुईफनने निळा टॅब पकडीतून काढला, पुसला, त्याच्या पिशवीत घातला, पिशवी खोक्यात घातली आणि खोकं कपाटावर ठेवलं. हे करताना तिने श्वास रोखून धरला होता, हे तिला खोकं ठेवून झाल्यावर कळलं.

"मग? कुठला ठरला?" यीलिंगने विचारलं.

"राखाडी."

"राखाडी? त्याला तर नीट कळतही नव्हतं!"

"सवय झाली की कळेल. हलका आहे. चार्ज टिकतो. निळा फार जड आहे, पकड खाली सरकते. छातीवर पडला तर काय करायचं?" सुईफनला आपलंच आश्चर्य वाटलं. पूर्ण वाक्यं भराभर येत होती. खोटी होती म्हणून की काय.

"तुला ठीक वाटतंय ना? वापरणारी तूच आहेस."

"वापरणारे ते आहेत," सुईफनच्या तोंडून निघून गेलं.

"तेच गं. मग मी परतीचं नोंदवते. शनिवारी दुपारी पंगताई येईल."

*

लाओ थान जागा झाला आणि पकडीत राखाडी टॅब पाहून त्याने तिच्याकडे बघितलं. तिने नजर चुकवली. त्याचं बोट कपाटाच्या दिशेने गेलं. म्हणजे झोपेचं ते सोंग होतं की काय? की नुसता अंदाज?

शनिवारी सकाळी तिने त्याला आंघोळ घातली, औषधं दिली, पेज भरवली आणि दुपारी पंगताई येईपर्यंत भाजी निवडत बसली. लाओ थान लिहू लागला.

"उत्तर दिशा," टॅब म्हणाला.

तिने मान वर केली नाही. राखाडी टॅब असंच काहीबाही बोलायचा.

"उत्तर दिशा."

जरा वेळाने डुकरांची बाई आली, तिला सुईफनने उठून बंद केलं आणि पुन्हा येऊन बसली. "उत्तर दिशा. उत्तर दिशा." मग कधीतरी "चंद्र," मग परत "उत्तर दिशा." ती वैतागली. "अहो, उत्तरेला काय आहे? भिंत आहे! भिंतीपलीकडे छिउबाईंचं स्वयंपाकघर आहे!" त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर तिला ओळखीचा वाटला असता. तो नुसता घामाने निथळला होता आणि बोट पुन्हा उचलत होता. अक्षर मध्यावर आलं की मनगट गळायचं, टॅब उरलेलं अक्षर न बघताच बोलून टाकायचा, आणि तो पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात करायचा. एक माणूस आतून दार ठोठावतोय आणि दार दर वेळी भलत्याच खोलीत उघडतंय, तसं काहीतरी.

सुईफनने भाजी बाजूला ठेवली. त्याचं बोट कुठून कुठे जातंय ते बघू लागली. वरचा भाग उत्तरेचा. खालचा, जो टॅबला पोचतच नव्हता, तो चंद्राचा. दोन्ही एकावर एक ठेवले की होते पाठ.

"पाठ? पाठ म्हणताय?"

त्याने डोळे उघडझाप केले. एकदा. हो.

तिने त्याला कुशीवर वळवलं, सदरा वर केला. सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा, धारदार कोपऱ्यांचा, तिच्याच हातून चादरीवर पडलेला, कमरेच्या वरच्या बाजूला रुतून बसला होता. खालची कातडी काळपट लाल झाली होती आणि एका जागी फुटली होती. इतका वेळ तो त्याच्यावर पडून होता आणि ती तीन हातांवर बसून भाजी निवडत होती.

अशा माणसाला पाठीची जखम म्हणजे काय, हे तिला दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सने सांगितलं होतं. तिने जखम धुतली, मलम लावलं, त्याला उजव्या कुशीवर टेकवून ठेवलं. "मला कळलं नाही," ती म्हणत होती. "मला कळलंच नाही हो." आणि हे बोलताना तिला पक्कं ठाऊक होतं की कळू नये अशी व्यवस्था तिने स्वतःच केली होती.

तेवढ्यात पंगताईचा फोन आला. "मावशी, खाली आहे. दोन खोकी ना?"

सुईफनने कपाटावरून निळ्याचं खोकं काढलं, पांढऱ्याचंही काढलं. दोन्ही छातीशी धरून दारापर्यंत गेली. दारात उभी राहिली. सहा मजले खाली पंगताई हॉर्न वाजवत होती. खाली जाऊन दोन्ही देऊन टाकली की संपलं. कोणी कारण विचारणार नव्हतं. आयुष्यात कारण न विचारता परत करता येण्यासारखं तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

ती वळली. निळा खोक्यातून काढला, राखाडी त्याच्या स्वतःच्या खोक्यात भरला, आणि मग जिना उतरली.

"डोळे का लाल?" पंगताईने विचारलं.

"मिरच्या."

"हुनानच्या तिखटखाऊ बायका आणि मिरच्यांनी रडणार! जा, दुसऱ्या कुणाला सांगा," म्हणत पंगताईने खोकी मागे टाकली आणि स्कूटर हाणली.

*

निळा टॅब पकडीत बसवून सुईफन समोर स्टुलावर बसली. लाओ थानने बोट टेकवलं.

"कुठे होता."

"खोक्यात. मीच ठेवला होता. परत पाठवणार होते."

बोट चालू झालं. सुईफन वाट बघत बसली. एक रेघ, दुसरी रेघ. या टॅबवरही एकेका शब्दाला वेळ लागायचाच. आणि त्या वेळात खोलीत कोणाचाही आवाज नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की तो काही बोलणार आहे, आणि त्याआधी तिला बोलायला जागा आहे.

"तुम्ही गप्प झालात तेव्हा मला बरं वाटलं," ती म्हणाली. तिने त्याच्या बोटाकडेच पाहत राहायचं ठरवलं, चेहऱ्याकडे नाही. "तुम्ही आजारी पडलात म्हणून नाही. ते मला नको होतं. पण गप्प झालात ते बरं वाटलं. मी गाणी म्हटली. तुमच्या खुर्चीत बसले. आणि परवा या डबड्यातून तुम्ही हाक मारलीत तेव्हा मला वाटलं, झालं, आता मी मरेपर्यंत उठबस करणार. म्हणून लपवला. आणि आज तुमची पाठ फुटली ती माझ्यामुळे."

बोट थांबलं होतं. मग पुन्हा हललं.

"माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

बोट एकेक रेघ काढत राहिलं. शेजारच्या छिउबाईंच्या कढईत काहीतरी चरचरलं.

"बघत होतो. खूश होतीस."

सुईफन वाट बघत राहिली. आता तो काही म्हणेल, असं तिला वाटलं. काय, ते तिला सांगता आलं नसतं. बोट पुन्हा खाली आलं, हळूहळू चार अक्षरं झाली.

"हिरवा पडदा वाईट."

ती एकदम हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला. "वाईट तर वाईट. तो तिथेच राहणार."

"पातळ पाणी दे."

"नाही. ठसका लागेल."

"दे."

"नाही म्हटलं ना."

त्याने कळ दाबली. "दे." पुन्हा दाबली. "दे. दे. दे." बातम्यावाला न थकता म्हणत राहिला. सुईफन स्टुलावरून उठली नाही. दोन्ही हातांनी स्टूल धरून बसून राहिली. तेवढ्यानेच तिला दम लागला. शेवटी त्याचं बोट थकलं आणि आपोआप खाली घसरलं. मग तिने उठून दाट पाणी कालवलं आणि चमच्याने त्याला पाजलं. तो प्यायला.

*

यीलिंगला हे काही सांगितलं नाही. राखाडी बिघडला, निळाच बरा, एवढंच सांगितलं. तिला आनंद झाला. परतीची नोंद तिने बदलून घेतली. तिने टॅबवरून थेट फोन लावायची सोय करून दिली. पडद्यावर सुईफनचा फोटो, त्यावर बोट ठेवलं की तिच्या फोनची घंटी वाजणार. "आता तू बाहेर जा गं, आई. तलावावर जा. बाबांना काही लागलं तर ते बोलावतील."

ती गेली. तलावाच्या कडेला सकाळी बायका नाचायला जमायच्या, तिथे मागच्या रांगेत उभी राहिली. पहिलं गाणं अर्ध्यावर यायच्या आत खिशातला फोन वाजला. तिने उचलला. "सुईफन. कुठे."

"तलावावर. सांगून आलेय."

दुसऱ्या गाण्याला, "सुईफन. डास." तिसऱ्याला, "सुईफन. किती वेळ." पुढच्या रांगेतल्या बायका वळून हसू लागल्या. "सुईफन, तुझ्या बातम्या लागल्या बघ!" तीही हसली, पण पाय ताल विसरले. ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा बातम्या लागल्या. पूर्वी पिंजरा सहाव्या मजल्यावर होता, आता तो खिशात घालून फिरायला मिळत होता.

तिने यीलिंगला फोनची घंटी बंद करायची विद्या विचारली, शिकून घेतली आणि वापरली मात्र नाही. बंद केली आणि नेमका तेव्हाच ठसका लागला तर?

असे काही आठवडे गेले. पाठीची जखम भरत आली. मग एका सकाळी ती बाजारात कमळाचे कंद निवडत होती आणि तिला वाटलं, काहीतरी चुकतंय. फोन काढून पाहिला. एकही हाक नव्हती. घरातून निघाल्यापासून एकही नाही. तिने फोन लावला. वाजला, वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला.

हातातली पिशवी तिने भाजीवालीच्या गाड्यावर टाकली आणि पळत सुटली. गल्लीतून, कपड्यांच्या दांड्यांखालून, पंगताईच्या स्कूटरला वळसा घालून. "मावशी, काय झालं?" जिन्यावर चौथ्या मजल्याला तिच्या छातीत कळ आली, तरी ती थांबली नाही. डोळ्यांसमोर त्याचा निळा पडलेला चेहरा होता, घशात अडकलेली लाळ होती. किल्ली दोनदा हातातून निसटली.

दार उघडलं. लाओ थान उशांवर होता तसाच होता. टॅबवर चिनी बुद्धिबळाचा पट होता, लाल आणि काळ्या सोंगट्या. तिकडे कुठेतरी दूर, कोणा अनोळखी माणसाने नुकताच रथ पुढे सरकवला होता. लाओ थानने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डावं बोट तेवढं जरासं वर केलं. थांब.

सुईफन दारातच जमिनीवर बसली. तिला श्वास घेता येत नव्हता. तो डाव खेळत राहिला. घोडा उचलायला त्याला बराच वेळ लागला, पण पलीकडचा माणूसही वाट बघत होता. शेवटी टॅबमधून नगारे वाजले. लाओ थानचा अर्धा चेहरा उजळला. मग त्याने पट बाजूला सारला आणि लिहिलं.

"जिंकलो."

"फोन का नाही उचलला?"

"हात एकच."

"मी मेले असते जिन्यात! मला वाटलं तुम्ही..." ती थांबली. तो लिहीत होता, म्हणून नाही. तिचं तिलाच पुढचं सापडेना.

"भाजी कुठे," टॅब म्हणाला.

"राहिली. गाड्यावर."

"आण." आणि तिचा चेहरा बघून की काय, जरा वेळाने आणखी दोन अक्षरं. "सावकाश."

पट पुन्हा उघडला. पलीकडे दुसरा डाव मांडला जात होता.

सुईफन कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. भाजीवालीने तिची पिशवी गाड्याखाली जपून ठेवली होती, कंदही त्यातच घातले होते.

"घरी सगळं ठीक ना, बाई?"

"ठीक. बुद्धिबळ खेळतायत."

"अगं बाई! आणि मला वाटलं, काय आग लागली! मग बोलावलं कशाला त्यांनी तुला?"

"नाही बोलावलं," सुईफन म्हणाली. "कोणीच नाही बोलावलं."

भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. सुईफनने पिशवी उचलली. तलाव उजव्या हाताला होता, अजून गाणी चालू असणार. वेळ होता, हाक नव्हती, आणि आता काही काळ येणारही नव्हती. तिने खिशातून फोन काढला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा आत ठेवला. दहा पावलं तलावाकडे गेली. पुन्हा फोन काढून पाहिला.